फाशीच्या घोषणेत पोर कुठे आहे?

पोरावर अत्याचार झाला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'फाशी'. दुसरा शब्द निघायला फार वेळ लागतो. बऱ्याचदा तो निघतच नाही. मोर्चा निघतो, पुतळा जळतो, मंत्री गाडीतून उतरून आईच्या डोक्यावर हात ठेवतो, पेपरात फोटो येतो. चार दिवसांनी सगळे घरी जातात. पोर मात्र तिथेच असतं. त्याच घरात, त्याच वाडीत, त्याच शाळेच्या वाटेवर. त्याला काय पाहिजे होतं, हे विचारायला कुणी थांबलेलं नसतं.

दोस्तांनो, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. शिक्षा म्हणजे काय चीज आहे ते आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? एकाच गुन्ह्याला जात बघून वेगळी शिक्षा, हे या देशात पोथीत लिहून ठेवलेलं होतं. ती पोथी २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळली गेली. चिपळूणपासून महाड काही फार लांब नाही. दीड वर्षाच्या आत, एप्रिल १९२९ मध्ये, बाबासाहेब चिपळूणला परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले आणि खोतांच्या जुलुमाविरुद्ध बोलले. पोथी जळली, खोती गेली. पण जात बघून मोजमाप करण्याची सवय गेली का? बघू या.

एका जिल्ह्यातल्या, एकाच महिन्यात निकाल लागलेल्या दोन खटल्यांची गोष्ट घ्या. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. महिना नोव्हेंबर २०१७.

पहिला खटला खर्ड्याचा. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे हा सतरा वर्षांचा आपला पोरगा मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. भरदिवसा शाळेतून त्याला मारत नेलं आणि नंतर प्रेत झाडाला लटकवलं. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक फिरले. शाळेतली माणसंही फिरली. सगळे सुटले.

दुसरा खटला कोपर्डीचा. कर्जत तालुक्यात १३ जुलै २०१६ ला एका पंधरा वर्षांच्या मराठा मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. खर्ड्याचे आरोपी सुटले त्यानंतर आठवड्याभरातच, २९ नोव्हेंबरला, कोपर्डीच्या तिघांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली.

आता नीट ऐका. कोपर्डीत गुन्हेगारांना दोषी धरलं यात काही वावगं झालं असं मी म्हणत नाही. ती पोरगी कुणाच्या जातीची होती हे बघून ज्याचं रक्त थंड पडतं तो आंबेडकरवादी नव्हे. आपल्या संघटनांनीही त्या गुन्ह्याचा धिक्कार केला होता आणि तेच बरोबर होतं. पण त्याच मुलीचं नाव घेऊन लाखांचे मोर्चे निघाले तेव्हा फाशीच्या मागणीच्या बाजूला दुसरी मागणी येऊन बसली, अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदला. मेलेल्या लेकराच्या खांद्यावर बंदूक ठेवून एका अख्ख्या समाजाच्या संरक्षणावर नेम धरला गेला. हे विसरायचं नाही.

तरी माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे. खुनाला फाशी कायद्यात दोन्हीकडे होती. २०१४ लाही होती, २०१६ लाही होती. मग खर्ड्यात काय नव्हतं? 'मी बघितलं' म्हणून शेवटपर्यंत उभा राहणारा माणूस नव्हता. कोपर्डीत गाव, तपास, सरकारी वकील, साक्षीदार सगळे उभे राहिले. खर्ड्यात सगळे बसले. शिक्षा कायद्याच्या पुस्तकात कितीही कडक लिहा, साक्ष नसेल तर ते पुस्तक रद्दीत गेलेलं बरं.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरण आठवा. १९९० ते १९९६ या काळात तेरा पोरं पळवल्याचा आणि त्यातली नऊ मारल्याचा त्यांच्यावर आरोप होता. सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने, दयेच्या अर्जाला सरकारने अतोनात उशीर लावला म्हणून, ती जन्मठेपेवर आणली. लोक यावर चिडले. चिडायचंच तर वेगळ्या ठिकाणी चिडा. सहा वर्षं गोरगरिबांची पोरं बाजारातून, देवळाच्या दारातून, स्टँडवरून नाहीशी होत होती. पहिलं पोर हरवलं तेव्हाच दफ्तर हललं असतं तर पुढची किती जगली असती? फाशी द्यायला उशीर झाला याचा हिशेब सगळे करतात. पोर शोधायला उशीर झाला याचा हिशेब कोण करणार?

आणि आता बदलापूर. ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुली. गुन्हा नोंदवून घ्यायला आईबापांना तासन् तास पोलीस स्टेशनात ताटकळावं लागलं. शाळेने पोलिसांना कळवलं नाही म्हणून पुढे विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली. मागणी एकच, आमच्या ताब्यात द्या, फाशी द्या. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला. पेढे वाटले गेले, 'बदला पुरा' म्हणून फलक लागले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर त्या मृत्यूची जबाबदारी ठेवली गेली.

बदला कुणाचा पुरा झाला? त्या मुलींचा? खटला उभा राहून न्यायालयाने भर कोर्टात म्हणायला पाहिजे होतं, 'पोरींनो, तुम्ही सांगितलं ते खरं आहे.' ते वाक्य त्यांना कधीच ऐकायला मिळणार नाही. शाळेची जबाबदारी, पोलीस स्टेशनातला तो उशीर, हे सगळं एका गोळीच्या आवाजात बुडालं. आणि दोस्तांनो, विना खटला मारायचा परवाना पोलिसांना दिलात तर पुढची गोळी कुठल्या वस्तीकडे वळेल हे मी सांगायला पाहिजे का? आरोपी सफाई कामगार होता म्हणून गोळी इतकी सोपी झाली. संस्थाचालकाच्या नावाने अशी गोळी सुटलेली कुणी ऐकलीय?

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत मत मांडलं होतं की या देशाने फाशीची शिक्षा रद्दच करावी. अहिंसा हा आपला नैतिक आदर्श मानायचा तर ते त्याला धरूनच आहे, असं ते म्हणाले. जयंतीला गाडीवर त्यांचा फोटो लावून 'फाशी द्या' ओरडणाऱ्याने हे एकदा वाचावं. आणि दुसऱ्या टोकाला, अंगुलीमालाची गोष्ट सांगून पोराच्या आईला 'माफ कर' म्हणणाराही कुणी निघतो. त्याला म्हणावं, अंगुलीमालाने आधी तलवार टाकली, जुनं जिणं टाकलं, आणि भिक्खू झाल्यावरही केलेल्या कर्माचं फळ भोगलं. करुणा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे.

आता आपल्या वाडीकडे येऊ. हे लिहायचं खरं कारण तेच आहे.

केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास जाहीर केला. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. पोलिसांकडे येणाऱ्या बालबलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा आरोपी पोराच्या ओळखीचा असतो. म्हणजे रात्री झाडीतून येणारा राक्षस नाही. काका, मामा, शेजारी, मास्तर, महाराज, बापसुद्धा.

आपल्या कोकणात आईबाप मुंबईला नायतर एमआयडीसीत, पोर आजीजवळ. आजी कान मंदावलेली, कामाने वाकलेली. अशा घरातलं पोर सांगणार कुणाला? आणि सांगितलंच, तर आजी काय करणार? दोन हजार एकोणीसच्या दुरुस्तीने पोक्सो कायद्यात फाशी आली. आजीला हे माहीत असेल तर ती आणखीच गप्प बसेल. आपल्या तोंडाने आपलाच मुलगा फासावर कशी देईल? आणि गुन्हेगाराला बलात्कारालाही फाशी, खुनालाही फाशी असं दिसलं, तर एकुलता साक्षीदार असलेलं पोर तो जिवंत का ठेवील? कडक शिक्षेने पोर वाचेल असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मग असं झालं की वाडीची बैठक बसते. 'आपल्यातलंच आहे, बाहेर गेलं तर समाजाची बदनामी होईल, आधीच लोक टपून बसलेत.' दंड ठरतो, समज दिली जाते, पोरीला मामाच्या गावी धाडतात. शिक्षा कुणाला झाली? घर सुटलं कुणाचं? सवर्णांच्या गावकीने आपल्याविरुद्ध जे केलं तेच आपली बैठक आपल्या लेकराविरुद्ध करते. खर्ड्यात साक्षीदार फिरले म्हणून आपण छाती बडवतो. वाडीतलं पोर बोलायला लागल्यावर त्याचं तोंड दाबणारा माणूस फिरलेल्या साक्षीदारापेक्षा वेगळा कसा? असा गुन्हा बैठकीत मिटवता येत नाही, कायद्यानेही नाही. माहीत असून न कळवणं हाच पोक्सोखाली गुन्हा आहे.

जोतीराव-सावित्रीबाईंनी हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सोडवून दाखवला होता. फसवलेल्या विधवा तान्ही पोरं मारायच्या. कायदा त्या बायांना शिक्षा ठोठवायचा. सुरतेच्या विजयालक्ष्मीला १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली, नंतर ती कमी झाली. त्या प्रकरणावर उठलेल्या ओरडीतूनच ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. पण फुल्यांनी त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. या, सुरक्षित बाळंत व्हा, पोर ठेवून जा. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. बालहत्या थांबवायला त्यांनी फास मागितला नाही, दार उघडलं.

आज ते दार कुठलं? पोराला सांगता येईल असं एक माणूस. कायद्याने काही सोय केलीय, ती वापरा. पोलिसांनी पोराचा जबाब साध्या कपड्यांत, पोराला सोयीच्या जागी घ्यायचा आहे. त्याला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. खटला शक्यतो वर्षात संपवायचा आहे. १०९८ हा फोन फुकट लागतो. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. आपल्या वाडीतली पोरं ज्या शाळेत जातात तिथे ती आहे का, की नुसता कागद आहे? दोघांनी जाऊन विचारा. नावं मागा. बैठक कधी झाली ते विचारा.

विहारात रविवारी वंदना होते. त्यानंतर अर्धा तास पोरांसाठी ठेवा. भाषण नको. त्यांना बोलू द्या, आणि ऐकणाऱ्यांत बायका असू द्या. ज्या दिवशी पोर एखाद्या मोठ्या माणसाचं नाव घेईल, त्या दिवशी तुमची परीक्षा आहे. तो चळवळीचा वर्गणीदार असेल, मंडळाचा अध्यक्ष असेल, तुमचा सख्खा भाऊ असेल. पोराचा हात धरून ठाण्यात जायचं, आणि खटला संपेपर्यंत तो हात सोडायचा नाही. गुन्हेगाराला तुरुंग मिळालाच पाहिजे, चुकता कामा नये. पण त्याच्या म्हाताऱ्या आईला वाडीतून हाकलायचं नाही. तिने काही केलेलं नाही.

फाशीची घोषणा द्यायला मोर्च्यात हजार माणसं मिळतील. कोर्टात साक्षीच्या तारखेला, पावसाळ्यात, पहिल्या एसटीने, पोराबरोबर जाणारे दोन मिळतात का ते आधी बघा.

जयभीम.