रिकामं आसन

माझ्या हृदयाच्या दोन आवाजांपैकी पहिला कारखान्यातला आहे, दुसरा मायनं दिलेला. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले आणि बरेही झाले. पण त्या दुखण्यानं हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप वर्षानुवर्षं आतून चिवट होत गेली. पुढे डॉक्टर मला डाव्या कुशीवर वळवून नळी लावायचे, कारण त्या झडपेची खालच्या पट्टीतली गुरगुर तशीच नीट ऐकू येते. शेवटी नागपूरला कार्बनची झडप बसवली.

नोकरीत असताना तिवशाच्या शाळेत खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणून मी पोरांसमोर चिरायचो. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड, कारण तिला रक्त अंगभर ढकलायचं असतं. उजवीला नुसतं फुप्फुसांपर्यंत. झडपेच्या पाकळ्यांना खालून पांढऱ्या दोऱ्या असतात. चिमट्यानं एक ओढली की पाकळी हलायची आणि मागच्या बाकावरची पोरं पुढं यायची. मग सांगायचो, ठोका हा झडपा मिटण्याचा आवाज. निरोगी झडप उघडते ती मुकाट्यानं. 'लब्' होतो तेव्हा वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटतात, 'डब्'ला महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या तोंडावरच्या. तेही पाकळ्यांची टाळी नव्हे. धावतं रक्त एकदम अडतं, त्यानं झडपा, भिंती सगळंच थरारतं.

योगी म्हणतात, हृदयाच्या ठिकाणी आघाताशिवाय उमटणारा अनाहत नाद असतो. असेल. मला ऐकू येतो तो आघाताचाच, आणि त्याला खालचा दर्जा द्यायला मी तयार नाही. आमच्या तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी होती. थाप मारल्याशिवाय ती बोलत नाही.

मोझरीला पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असतं. ११ ऑक्टोबर १९६८ ला याच वेळी महाराज गेले. एवढा जनसागर, पण तिथल्या गुरुकुंज आश्रमात पाखरांचा आवाज ऐकू येतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या मौनात माझी झडप टिकटिकत होती. शेजारचा मुलगा आधी स्वतःच्या घड्याळाकडे, मग माझ्या सदऱ्याकडे बघायला लागला.

आमच्या मंडळातल्या काकांनी प्रार्थनेनंतर सतरंजी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मास्तर, देव हृदयात राह्यते म्हणता. मंग डाक्टरनं तुमचं हृदय बंद केलं तवा तो कुठी होता?"

प्रश्न रास्त होता. पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून हृदय थांबवतात, रक्त यंत्रातून फिरवतात. त्या वेळात माझ्या छातीत ना लब्, ना डब्. मला ना प्रकाश दिसला, ना कुणी बोलावलं; हे सांगितलं की लोक हिरमुसतात. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहतो हे गीतेच्या अठराव्या अध्यायातलं वचन काकांना पाठ आहे. तिथलं हृदय म्हणजे अंतःकरण, मांसाचा गोळा नव्हे, असं म्हणून पंडित मोकळे होतात. मला ती पळवाट वाटते. 'मी' म्हणताना माणूस हात छातीवरच ठेवतो.

मी काकांना समोरचं अधिष्ठान दाखवलं. सामुदायिक प्रार्थनेत आसन मांडलेलं असतं, त्यावर मूर्ती नसते. कुणी बसलेलं दिसत नाही म्हणून प्रार्थना अडत नाही. ती चालते भोवती बसलेल्यांमुळे. माझे कप्पे रिकामे होते तेव्हा यंत्राजवळ बसलेली एक पोरगी माझं रक्त फिरवत होती, आणि रक्ताच्या बाटल्या मंडळातल्याच पोरांनी दिल्या होत्या. देव त्या वेळी माझ्या छातीत नव्हता असंच मी मानतो. होताच तर तो त्या पोरीच्या आणि त्या पोरांच्या हातात होता.

काका काही हरले नाहीत. "मंग हृदयातच राह्यते असं काहून लिवलं?" सतरंजी खांद्यावर टाकून ते निघाले. वाद पुढच्या गुरुवारी. त्याआधी मला रक्त किती पातळ आहे ते तपासायला अमरावती गाठायची आहे. गेल्या आठवड्यात पालकाची पातळ भाजी जरा जास्तच झाली, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा असर तिनं कमी होतो.