तुरुंगातील मिस्सा

एखाद्या श्रद्धावंताच्या हातून मनुष्यवध घडला आहे, आणि तो आपले कृत्य न्याय्यच होते असे न्यायालयात ठामपणे सांगतो आहे. अशा माणसाने फाशीच्या आधी धर्मगुरूची मागणी केली, तर ख्रिस्तसभेने काय करावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९१० साली कोरियातील ख्रिस्तसभेपुढे तो उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता ८३ वर्षे गेली.

आन जुंग-गून यांचा जन्म २ सप्टेंबर १८७९ रोजी कोरियातील हेजू येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि विद्याव्यासंगी होते. १८९७ साली फादर जोसेफ विल्हेम या मिशनऱ्याच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला व 'थॉमस' हे नाव त्यांना मिळाले. पुढे ते फादरांबरोबर गावोगाव हिंडून श्रद्धेचा प्रचार करीत. कोरियन तरुणांसाठी ख्रिस्तसभेने महाविद्यालय काढावे, अशी विनंती त्यांनी बिशप ग्युस्ताव म्युतेल यांना केली. कोरियन माणसे शिकली तर त्यांची श्रद्धा ढिली पडेल, असे म्हणून बिशपांनी नकार दिला. थॉमस दुखावले. धर्माच्या सत्यावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही, पण परकीय माणसावरचा विश्वास उडाला, आणि त्यांनी फ्रेंच भाषेचा अभ्यास सोडून दिला. पुढे चिन्नाम्पो येथे स्वतःचा पैसा घालून त्यांनी दोन शाळा चालवल्या.

१९०५ च्या तहाने जपानने कोरियाचे परराष्ट्रव्यवहार आपल्या हाती घेतले. तेथील पहिले जपानी रेसिडेंट जनरल झाले इतो हिरोबुमी. १९०७ मध्ये थॉमस देश सोडून व्लादिव्होस्तोककडे गेले व स्वयंसेवक सैन्यात सामील झाले. १९०८ च्या मोहिमेतील एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या तुकडीच्या हाती काही जपानी सैनिक सापडले. सहकारी त्यांना ठार करा म्हणत होते. थॉमस यांनी युद्धकैद्यांना मारणे आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही असे सांगून त्यांना सोडून दिले. त्यानंतर जपानी सैन्याला तुकडीचा ठावठिकाणा लागला आणि तिची वाताहत झाली. सहकाऱ्यांनी त्यांना दोष दिला. दयेची किंमत त्यांनी अशी मोजली होती.

त्याच माणसाने २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन रेल्वे स्थानकावर ६८ वर्षांच्या इतोंवर पिस्तूल झाडले. इतो मरण पावले, इतर काही जण जखमी झाले. लुशुन येथील जपानी न्यायालयात थॉमस यांनी आपण कोरियन सेनेचे अधिकारी असून आपल्याला युद्धकैदी मानावे, अशी भूमिका घेतली. १४ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांना फाशीची शिक्षा झाली. त्यांनी अपील केले नाही. कोठडीत त्यांनी आत्मचरित्र पूर्ण केले आणि पूर्व आशियातील शांततेवर एक प्रबंध लिहायला घेतला. लुशुन बंदर चीनला परत द्यावे, तेथे कोरिया, चीन व जपान यांनी शांतता परिषद भरवावी, समाईक बँक काढावी, आणि तिन्ही देशांच्या राज्यकर्त्यांनी परमगुरुस्वामींची मान्यता घ्यावी, असे विचार त्यांनी न्यायाधीशांपुढे मांडले होते. प्रबंध मात्र अपुरा राहिला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. थॉमस यांनी धर्मगुरूची मागणी केली. बिशप म्युतेल यांनी ती नाकारली. थॉमस यांनी आपले कृत्य चूक होते असे मान्य केल्याखेरीज धर्मगुरू पाठवायचा नाही, असा त्यांचा पवित्रा होता. बिशपांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. १८६६ च्या छळात कोरियात बिशपांसह हजारो श्रद्धावंतांचे बळी गेले होते. त्या रक्ताच्या आठवणी ताज्या असताना आपला कळप नव्या राज्यकर्त्यांच्या रोषापासून वाचवावा, असे एखाद्या मेंढपाळाला वाटले तर ते समजू शकते. शिवाय मनुष्यवधाला मनाई करणारी पाचवी आज्ञा त्यांच्या बाजूला होतीच.

फादर विल्हेम तरीही निघाले. ते हत्येचे समर्थन करायला गेले नव्हते. आपल्या धर्मपुत्राने पश्चात्ताप करावा, हीच त्यांची इच्छा होती. मार्च १९१० मध्ये त्यांनी तुरुंगात थॉमस यांचे पापनिवेदन ऐकले व दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण केली. परतल्यावर बिशपांनी त्यांना दोन महिने धर्मसेवेतून दूर ठेवले. थॉमस यांना २६ मार्च रोजी, पवित्र शनिवारी, फाशी झाली. थोरल्या मुलाला धर्मगुरू करावे, असे त्यांनी पत्नीला लिहिले होते. तो मुलगा बालपणीच वारला.

त्या पापनिवेदनात काय बोलले गेले, हे कोणालाही कधी कळणार नाही. मला वाटते, या साऱ्या वादाचे उत्तर तेथेच आहे. एखाद्याचा पश्चात्ताप खरा की खोटा, हे दुरून ठरवता येत नाही. त्यासाठी कोणीतरी त्या कोठडीत जाऊन त्याच्याजवळ बसावे लागते. बिशपांनी पश्चात्ताप ही भेटीची पूर्वअट केली. फादरांनी भेट ही पश्चात्तापाची वाट मानली. उधळ्या पुत्राच्या पित्याने मुलगा दूर असतानाच धाव घेतली होती, मुलाची कबुली त्याने नंतर ऐकली.

२१ ऑगस्ट १९९३ रोजी कार्डिनल स्टीफन किम सू-ह्वान यांनी थॉमस यांच्यासाठी मिस्सा अर्पण केली आणि त्या काळच्या ख्रिस्तसभेच्या चुकीबद्दल खेद व्यक्त केला. थॉमस यांचे कृत्य म्हणजे राष्ट्राचा न्याय्य बचाव होता, असेही ते म्हणाले. येथे नम्रपणे सांगावेसे वाटते की, माझे मन तेथवर जात नाही. ज्याने हाती सापडलेल्या शत्रूला सोडून दिले, त्या १९०८ च्या थॉमसपुढे मी नतमस्तक होतो. हार्बिनच्या थॉमसपुढे मी गप्प उभा राहतो. त्या गोळीने कोरिया वाचलाही नाही, कारण ऑगस्ट १९१० मध्ये जपानने तो देश गिळंकृत केला. परंतु ज्याचे देशप्रेम व ज्याची श्रद्धा या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्याला संस्थेच्या सुरक्षिततेपायी संस्कार नाकारणे ही चूकच होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कृत्याचा न्याय आणि आत्म्याची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिशपांनी त्या एकत्र केल्या.

भीतीने घेतलेल्या निर्णयाची किंमत फार काळ मोजावी लागते. १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्यघोषणेवर ३३ जणांच्या सह्या आहेत, त्यांत एकही कॅथलिक नाही. २००० साली आणि पुन्हा २०१९ साली कोरियन बिशपांना त्याबद्दल क्षमा मागावी लागली.

वाचकहो, हा प्रश्न दूरदेशीचा वाटला तरी आपल्या उंबरठ्यावरचा आहे. आत्महत्या केलेल्या माणसाला एके काळी ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १९८३ च्या धर्मकायद्याने ती मनाई काढून टाकली, पण त्याच्या घरच्यांकडे रोखून पाहणारे डोळे अजून मिटलेले नाहीत. तुरुंगातला मुलगा, घर मोडलेली लेक, मंदिराच्या शेवटच्या बाकावर बसून मध्येच निघून जाणारा शेजारी, यांच्याविषयी आपण निवाडा किती लवकर देतो! आणि त्यांच्याकडे जायला मात्र किती वेळ लावतो!

थॉमस आन यांचे अवशेष आजतागायत सापडलेले नाहीत. मात्र मरणापूर्वी त्यांच्यापर्यंत एक धर्मगुरू पोहोचला होता. आपल्या धर्मग्रामात असा प्रवास ज्याची वाट पाहतो आहे, असा कोण आहे?