मुलाचे गुपित आणि वडिलांचा अधिकार

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनी अंमळ अधिकच जपली. परमुलखात अब्रू हेच भांडवल होते. परंतु मूठ कोणाची आणि ती कोणापासून झाकायची, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला छळू लागला आहे. त्याला कारण माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट.

२०१५ च्या सुमारास मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना एका जिल्ह्यातील आरोग्यविषयक कामकाजावर देखरेख ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. आदल्याच वर्षी, ७ जानेवारी २०१४ रोजी, केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला होता. १० ते १९ वयाच्या मुलामुलींचे पोषण, लैंगिक आरोग्य, मनःस्वास्थ्य, व्यसन, हिंसा या साऱ्यांचा विचार एकत्र व्हावा आणि त्यासाठी डॉक्टरांच्या जोडीला समुपदेशक असावा, अशी ती योजना. पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाच्या तपासणीत काही आढळले नाही, तरी त्याचे दुखणे खोटे ठरत नाही. त्याचे मूळ घरात, शाळेत वा संगतीत शोधावे लागते.

असाच एक सोळा वर्षांचा मुलगा तेथील समुपदेशक बाईंकडे येत असे. त्याचे वडील माझ्या परिचयाचे. ‘‘आमचा मुलगा तिथे काय सांगतो, ते आम्हालाच कळू नये?’’ असे त्यांनी विचारले. मी बाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, त्याच्या जिवाला धोका असता तर मी स्वतः त्यांच्या घरी गेले असते. बाकीचे सांगायचे की नाही, ते त्याने ठरवायचे.’’ मला तो उद्धटपणा वाटला. मी नोंदवही मागवली, वाचली आणि वडिलांना सांगून टाकले. मुलगा नशेच्या नादी लागला होता आणि ती सोडवण्यासाठीच तेथे येत होता. त्यानंतर तो केंद्रात फिरकला नाही.

वडिलांचा अधिकार खोटा होता, असे मी म्हणणार नाही. परंतु तो अधिकार मुलाच्या हिताच्या जबाबदारीतून येतो. जे कळल्याने मुलाचा आधारच तुटतो, ते कळण्याचा हट्ट त्या जबाबदारीत बसत नाही. दुसऱ्या बाजूने, ‘कोणालाही सांगणार नाही’ असे निरपवाद वचन समुपदेशकालाही देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून मर्यादा असावी; मात्र ती मुलाला पहिल्याच भेटीत सांगावी, आणि सांगण्याची वेळ आलीच तर त्याच्या पाठीमागे नव्हे, त्याला बरोबर घेऊन सांगावे. बाईंची वाट हीच होती. मी ती मोडली.

पूर्वी एकत्र कुटुंबात अशी गुपिते आत्याकडे, मावशीकडे जात. तिच्याकडे कोणी नोंदवही मागत नसे. पोर तिच्यापाशी बोलते, एवढ्यावर घर निश्चिंत असे. आता ती जागा रुग्णालयातील एका खोलीत, परक्या बाईंपुढच्या खुर्चीत आली आहे. त्या वडिलांना मी त्या दिवशी एवढेच विचारायला हवे होते, की मुलगा तिथे काय सांगतो यापेक्षा तो आपल्याला का सांगत नाही, याचा विचार आपण केला आहे का? तो प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.