हंबीरराव घरोघरी नसतो

नेसरीत एक अप्पा राहायचे. पहिली बायको लेक मागं ठेवून गेली. पुढं त्यांनी एका विधवेशी लग्न केलं. तिचं बोट धरून पाच वर्षांचा पोरगा घरात आला. लेक सासरी गेली, पोरगा रानात राबला. अप्पांनी स्वकमाईनं घेतलेल्या तीन एकर उसाच्या रानात विहीर खोदली ती त्यानंच.

मृत्युपत्राचं नाव काढलं की अप्पा चिडायचे. “कागद परक्यात होतात. माझ्या घरात कुणी ‘सावत्र’ म्हणत नाही.” ते खरंच होतं. भांडणाच्या घरचा माणूस वेळेत वकील गाठतो; मायेच्या घरातच कागद राहून जातो.

एका संध्याकाळी प्रतापराव गुजरांच्या स्मारकापाशी गुरुजी भेटले.

“अप्पा, २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव सहा साथीदारांसह इथं पडले. त्यांच्या जागी सरनोबत कोण झालं?”

“हंबीरराव मोहिते.”

“सोयराबाईंचे भाऊ. १६८० मध्ये महाराज गेले आणि दहा वर्षांच्या राजारामांना रायगडावर गादीवर बसवलं. तरी हंबीरराव सख्ख्या भाच्याकडं न जाता थोरल्या संभाजीराजांच्या मागं उभे राहिले. तुमच्या घरी हंबीरराव कोण?”

“माझी लेक. अर्धं रान देईल ती भावाला.”

“देईलही. पण तिनं मोठं मन दाखवायचं आणि त्यानं उपकाराखाली जगायचं, अशी वेळ बापानं का आणावी? हंबीरराव घरोघरी नसतो, अप्पा. ज्याला द्यायचं त्याला आपल्या हातानं लिहून द्यावं.”

अप्पा हसले. “न लिहिता काय बिघडतंय?”

“१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बापाचा मुलगा म्हणजे पोटचा नाहीतर दत्तक. बायकोच्या पहिल्या घरचा नाही. तुम्ही आधी गेलात तर रान काकी आणि ताईत अर्धं-अर्धं. काकींचं अर्धं त्यांच्या माघारी पोराला. पण काकी आधी गेल्या, तर सगळं ताईचं. सातबाऱ्यावर पोराचं नाव चढायला वाटच नाही.”

काकींना दमा होता. अप्पा हसायचे थांबले.

मग कागद झाला. घरात काकींचा हयातभर राहण्याचा हक्क, रान दोघा भावंडांना निम्मं-निम्मं, पोराचं पूर्ण नाव नात्यासकट. दोन साक्षीदार असे निवडले, ज्यांना त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. अप्पांनी दोघांच्या समोर सही केली, मग त्यांनी केली. नोंदणी सक्तीची नसते, तरी पुढं कुणी शंका काढू नये म्हणून गडहिंग्लजला जाऊन तीही केली.

दिवाळीला लेक आली तेव्हा अप्पांनी सगळ्यांसमोर तो वाचून दाखवला. लेक रुसेल अशी त्यांना धाकधूक होती. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “विहीर दादाच्या तुकड्यात. माझ्या रानाला पाणी कुठनं? मोटारीचं बिल कुणी भरायचं?”

“ताई, मी पाणी अडवणार हाय व्हय?”

“तू नाही अडवायचास. तुझी पोरं?”

अप्पांनी गुरुजींकडं बघितलं.

“हयातीत मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं,” गुरुजी म्हणाले.

अप्पा चपला शोधायला लागले.