बोटांखाली

बस. गाडी अजून डोंबिवलीतच आहे.

सकाळची स्लो लोकल. पिशवीत घडी घातलेला पांढरा कोट, डबा, अर्धवट लिहिलेलं जर्नल.

आणि पोटात तो प्रश्न. मला जमेल का हे?

असू दे त्याला. वाद घालू नकोस. चौथ्या सीटला जागा देतो तशी जरा सरकून त्यालाही दे.

श्वास घे. सोड.

कोपर जातं. दिवा जातं. मुंब्र्यापाशी एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. ओहोटी आहे. चिखलात तिवरांची मुळं उघडी पडलीत. एक बगळा उभा आहे.

बघ त्याच्याकडे. दिसेनासा होईपर्यंत बघ.

आता डावा हात मांडीवर उताणा ठेव. उजव्या हाताची तीन बोटं मनगटावर टेकव, अंगठ्याच्या मुळाशी. अंगठ्यानं नको, त्याला स्वतःची नाडी असते.

काल वॉर्डात तुला नाडी सापडली नाही. आजी तुझ्याकडे बघत होत्या, मागे सिनियर उभी होती. कान तापले. तू आणखी जोरात दाबलंस.

फार दाबलं की रक्त अडतं. नाडी हरवते.

बोटं हलकी कर.

आणखी हलकी.

थांब.

आली?

मोजू नकोस एवढ्यात. नुसती राहा तिच्यापाशी.

हे रूळ मागे कल्याणला जातात. तिथे यमुना नावाची मुलगी वाढली, ३१ मार्च १८६५ला जन्मलेली. चौदाव्या वर्षी ती आई झाली. बाळ दहा दिवस जगलं. १८८३ साली, नवऱ्याला मागे ठेवून, ती कलकत्त्याहून बोटीत बसली. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात त्या डॉक्टर आनंदीबाई जोशी झाल्या. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बाविशीही पुरी झाली नव्हती.

मला त्यांच्या पदवीआधी त्यांची बोटं दिसतात. परक्या, थंड गावात, पहिल्यांदाच कुणाच्या तरी मनगटावर टेकलेली. गारठलेली. अजून काही न कळणारी.

थोडा वेळ त्या बोटांपाशी थांब.

श्वास घे. सोड.

तुझ्या बोटांखाली ठोका येतोय. मग जरा जागा. मग पुन्हा ठोका. तू काही करत नाहीयेस, तरी येतोय.

त्या मधल्या जागेत राहा.

पुढचं स्टेशन कळवा. बायका दाराकडे सरकतायत. पदर, ओढण्या, पिशव्या सावरल्या जातायत. तूही ऊठ, सावकाश. प्रश्नही उठेल तुझ्याबरोबर. येऊ दे.

वॉर्डाच्या दाराशी तळहात एकमेकांवर चोळ. ऊब येईपर्यंत.

आजी जाग्या असतील. त्यांचं मनगट बारीक आहे, कातडी सैल, एकच हिरवी बांगडी. ती हळूच वर सरकव.

"आजी, हात देता जरा?"