तटस्थ देशाचा माल

भारताने स्वित्झर्लंडसारखे राहावे, हा सल्ला हल्ली फार स्वस्त झाला आहे. युक्रेन असो, गाझा असो, कुठेही काही पेटले की व्याख्यानमालेतले वक्ते, वाहिनीवरचे तज्ज्ञ आणि व्हॉट्सअॅपवरचे निवृत्त मुख्याध्यापक एकाच सुरात सांगतात : कुणाच्या भांडणात पडू नये, कुणाला उपदेश करू नये, आपला धंदा करावा. पहिल्या दोन गोष्टींवर वाद कुठेही बसून घालता येईल. तिसरीवर घालायचा तर तो यवतमाळात घालावा. तटस्थ देशाचा धंदा म्हणजे काय, हे या जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात भोगले आहे.

याच्या उलट बाजूलाही एक सोपे वाक्य तयार आहे. स्वित्झर्लंडची तटस्थता २८ फेब्रुवारी २०२२ ला संपली, असे ते वाक्य. त्या दिवशी बर्नच्या सरकारने रशियावरचे युरोपीय निर्बंध स्वीकारले आणि दोनशे वर्षांची परंपरा मोडली, असे जगभरच्या अग्रलेखांनी लिहिले, आपल्याकडच्यांनी त्याची री ओढली. खुद्द तिथल्या मंडळींनाही ते इतके पटले की, तटस्थता राज्यघटनेत घट्ट बांधा आणि असे निर्बंध लावायला मज्जाव करा, अशी मागणी करणाऱ्या सह्या २०२४ मध्ये सरकारदरबारी दाखल झाल्या. माझ्या मते दोन्ही बाजूंनी चुकीच्या तारखेवर गर्दी केली आहे. निर्बंध स्वित्झर्लंडने आधीही लावले होते. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा लावले होते. तटस्थतेचा खरा सांधा दुसरीकडे आहे, आणि तो उसवायला सुरुवात झाली २०२० च्या ऑक्टोबरमध्ये. त्या उसवण्याला आपल्या पऱ्हाटीचा वास आहे.

सुरुवातीचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये बड्या सत्तांनी या डोंगरी देशाची कायमची तटस्थता मान्य केली. त्यात त्यांना स्वित्झर्लंडचे कौतुक कमी आणि फ्रान्स-ऑस्ट्रियामध्ये एक रिकामी भिंत हवी होती, हे अधिक. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमींचे हाल पाहून हेन्री ड्युनांट हादरला, १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. इथून एक गोड समजूत रुजली की तटस्थता म्हणजे करुणेची जुळी बहीण. शाळेच्या पुस्तकांनी ती पक्की केली. ड्युनांट हा पुढे व्यापारात दिवाळे निघालेला माणूस होता आणि सोल्फेरिनोला तो अल्जीरियातल्या आपल्या धंद्याचे काम फ्रान्सच्या सम्राटाकडून करून घ्यायला गेला होता, हे ती पुस्तके सहसा सांगत नाहीत.

या गोड समजुतीच्या नादात सगळ्यांकडून वाचायचे राहून जाते ते १९०७ चे हेगचे कलम. भूमीवरच्या युद्धात तटस्थ देशाची कर्तव्ये कोणती, हे त्या वर्षीच्या पाचव्या करारात लिहिले गेले. तटस्थ देशाने आपल्या भूमीवरून परकी फौज जाऊ देऊ नये वगैरे अपेक्षित गोष्टी त्यात आहेतच. सातवे कलम मात्र सावकाश वाचण्यासारखे आहे. लढणाऱ्या देशांसाठी शस्त्रे, दारूगोळा आणि सैन्याला उपयोगी पडणारा कोणताही माल आपल्या देशातून बाहेर जात असेल, तर तो अडवण्याचे बंधन तटस्थ सरकारवर नाही, असे ते सांगते. नववे कलम पुढे म्हणते, अडवायचाच तर दोन्ही पक्षांचा सारखा अडवा.

या दोन कलमांनी काय केले? एका देशाचे दोन तुकडे केले. सरकारने सोवळे नेसायचे, व्यापाऱ्याला मोकळीक. सरकारने स्वतः तोफ दिली तर तटस्थता भंगते. त्याच देशातल्या कारखानदाराने तीच तोफ विकली तर भंगत नाही. तटस्थतेचा कणा म्हणाल तर हा. ड्युनांटची करुणा त्यावर नेसवलेले वस्त्र आहे; सुंदर आहे, खरेही आहे, पण कणा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धातला काळा अध्याय याच कण्यावर उभा राहिला. स्विस कारखान्यांची शस्त्रे जर्मनीला गेली, राइश बँकेने लुटलेले सोने स्विस बँकांनी घेतले. इतिहासकार बेर्जिए यांच्या आयोगाने १९९६ ते २००२ या काळात हे सगळे खणून काढले. सीमेवरून वीस हजारांहून अधिक निर्वासित परत लोटले गेले होते, तेही त्यात आले. लोटणारे हात मात्र सरकारी होते. तिथे व्यापाऱ्याची सबब नव्हती. युद्धानंतर परराष्ट्रमंत्री पेतिपिएर यांनी तटस्थतेला एकजुटीची जोड दिली. मदत, मध्यस्थी, विकासकार्य हे त्या जोडीतून आले. केरळात १९६३ मध्ये सुरू झालेला गायींच्या पैदाशीचा इंडो-स्विस प्रकल्प याच धोरणाचे फळ. त्या मदतीला नावे ठेवण्याचे मला कारण नाही.

मराठी माणसाने या गोष्टीत कोरियाची आठवण ठेवायला हवी. १९५३ मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांसाठी पाच देशांचा तटस्थ आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे. कैद्यांचा ताबा घेणारी भारतीय फौज आपल्या मेजर जनरल शंकरराव थोरातांच्या हाताखाली. स्वित्झर्लंड आणि स्वीडन एका बाजूला, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूला. कैद्यांवर बळजबरी होणार असेल तर आम्ही त्यात नाही, असे स्विस प्रतिनिधींनी तिथे ठणकावले. म्हणजे सरकारच्या हातात जेव्हा थेट माणसे आली, तेव्हा तटस्थ देशाने नीतीची बाजू घेतली आणि कुणी त्याला तटस्थता मोडली म्हटले नाही. प्रश्न नेहमी दुसऱ्या तुकड्याचा, व्यापाऱ्याचा राहिला.

तो तुकडा पहिल्यांदा हादरला १९६८ मध्ये. ओर्लिकॉन-ब्यूरले या शस्त्रकंपनीने खोट्या कागदांवर दक्षिण आफ्रिका, नायजेरिया अशा बंदी असलेल्या देशांना तोफा पाठवल्याचे उघड झाले. नायजेरियात तेव्हा बियाफ्राचे युद्ध पेटले होते आणि रेडक्रॉस तिथेच उपाशी मुलांना अन्न पोचवत होती. देशाची करुणा आणि देशाचा धंदा एकाच युद्धभूमीवर समोरासमोर आले. शस्त्रनिर्यातच बंद करा, या मागणीवर सप्टेंबर १९७२ मध्ये सार्वमत झाले. आदल्याच वर्षी स्विस बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळाला होता. (हो, १९७१. लोकशाहीच्या पंढरीत.) बाजूने ४९.७ टक्के मते पडली. थोडक्यात हुकले आणि हेगचे कलम वाचले.

आता यवतमाळ. २०१७ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात काय झाले ते बाहेरच्यांसाठी सांगावे लागेल. पऱ्हाटी त्या वर्षी छातीला, कुठे डोक्याला लागली होती. अशा पिकात पाठीवर पंप घेऊन शिरले की फवारा पानांवर कमी आणि तोंडावर जास्त येतो. मजुरी पंपाच्या हिशेबाने, त्यामुळे थांबून चालत नाही. दोन-तीन औषधे एकाच बादलीत, काडीने नाहीतर हाताने ढवळायची. डब्याबरोबरचे घडीचे पत्रक मुंगीच्या अक्षरांत, तेही अनेक भाषांत. हातमोजे, चष्मा, अंगभर कोट हे कृषी सेवा केंद्रात मागितले तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो. विदर्भाच्या दमट सप्टेंबरात तो कोट घालून कुणी तासभर फवारून दाखवावे. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डांत उलट्या, गुंगी, अंधुक झालेली नजर घेऊन रांग लागली. जिल्ह्यात वीसच्या वर माणसे गेली, विषबाधेचा आकडा आठशेच्या घरात पोचला.

औषधे अनेक होती आणि त्यांत देशी कंपन्यांचीही होती, हे स्पष्ट लिहायला हवे. त्यांपैकी एक 'पोलो'. त्यातला घटक डायफेन्थियुरॉन. विकणारी सिंजेंटा, मुख्यालय बासेल. हा घटक स्वित्झर्लंडने आपल्या शेतांतून २००९ मध्येच काढून टाकला होता. बाहेर पाठवायला मात्र आडकाठी नव्हती. इथल्या पोलीस नोंदींत ९६ जणांच्या विषबाधेशी 'पोलो'चे नाव जोडलेले आहे, असे या विषयावर काम करणाऱ्या संघटना सांगतात. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यातल्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्विस सरकारच्या संबंधित कार्यालयाकडे तक्रार गेली. दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी तर बासेलमध्ये नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. यवतमाळच्या माणसाने ऱ्हाइनकाठच्या कोर्टात जावे, हे कुणी कादंबरीत लिहिले असते तर समीक्षकांनी ओढूनताणून म्हटले असते.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२० मध्ये, स्विस सरकारने ठरवले की जानेवारी २०२१ पासून पाच कीटकनाशके आणि तणनाशके देशाबाहेर पाठवता येणार नाहीत. डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाट, मेथिडाथिऑन, अॅट्राझिन. यातली पहिली दोन इथल्या कोणत्याही कापूसवाल्याला विचारा. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला, स्विस कंपन्यांनी परदेशात केलेल्या नुकसानीला स्विस कोर्टात जबाबदार धरावे, या मागणीवर सार्वमत होते. सरकारचा त्या मागणीला विरोध होता. निर्यातबंदी आणि सार्वमत यांच्या तारखा जवळ येणे योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा. मागणीला ५०.७ टक्के लोकांनी कौल दिला, पण बहुसंख्य कँटन्स, म्हणजे तिथले प्रांत, विरोधात गेले म्हणून ती पडली. १९७२ मध्ये अर्ध्याला जरासे कमी पडले होते, २०२० मध्ये अर्ध्याच्या जरासे वर गेले. अठ्ठेचाळीस वर्षांत विचार इतका सरकला.

कीटकनाशक म्हणजे तोफ नव्हे आणि शेत म्हणजे रणभूमी नव्हे, त्यामुळे हेगच्या कराराशी याचा काय संबंध, असा आक्षेप कायदेपंडित घेतील. कलमाच्या दृष्टीने काहीच नाही. पण कलमाने लावलेली सवय शांततेतही चालू राहते, आणि ती सवयच मोडली जात होती. आपल्याला जे विष नको ते दुसऱ्याच्या शेतात गेले तरी आपले हात स्वच्छ, ही भूमिका सरकारने पाच नावांपुरती का होईना सोडली. रशियाची खाती गोठवताना सरकारने नवी बाजू घेतली. विषाची निर्यात रोखताना त्याने आपल्याच व्यापाऱ्याचा माल स्वतःचा म्हणून कबूल केला. मला दुसरी गोष्ट कितीतरी अवघड वाटते. पहिल्या गोष्टीला अग्रलेख मिळाले, दुसरीला आतल्या पानावरची चौकट.

यावर दोन शंका येतात, दोन्ही खऱ्या आहेत. एक, सिंजेंटा २०१७ मध्येच केमचायना या चिनी सरकारी कंपनीच्या मालकीची झाली. मालक चिनी, पत्ता स्विस, ग्राहक वऱ्हाडी. मग जबाबदारी कुणाची? आणि निर्यात थांबली तरी तेच रसायन दुसऱ्या देशात बनवायला कुणाची बंदी नाही. दुसरी शंका जास्त टोचणारी आहे. भारत सरकारने ज्या औषधाची नोंदणी केली आहे, ते आम्हाला विकू नये हे ठरवणारे स्वित्झर्लंड कोण? आयात करणाऱ्या देशाचे सार्वभौमत्व ते हेच ना? कंपन्यांचा हा आवडता मुद्दा, आणि आपल्या देशाभिमानाला तो गोडही लागतो. पण सार्वभौम देशाने आपला निर्णय घेतलेला असावा लागतो. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात डायफेन्थियुरॉन नव्हते. कीटकनाशकांचा आपला कायदा १९६८ चा. नवे विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. २०१७ नंतर इथे सरकारी यंत्रणेचा रोख बराच काळ शेतकऱ्याने कोट घातला की नाही यावरच होता. विकणारा आणि मरणारा यांच्यात दिल्ली-मुंबईनेही हेगचेच सातवे कलम पाळले. स्वित्झर्लंडसारखे राहा म्हणणाऱ्यांनी खुशाल राहावे. आपण त्या बाबतीत आधीच स्वित्झर्लंड आहोत, तेही २०२० च्या आधीचे.

त्या पाच नावांपलीकडची, स्वित्झर्लंडमध्ये बंदी असलेली इतर कीटकनाशके बाहेर पाठवायची तर २०२१ पासून आयात करणाऱ्या देशाचा स्पष्ट होकार लागतो. म्हणजे चेंडू आपल्या अंगणात आहे. यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला या जिल्ह्यांतल्या वाचकांनी पुढच्या फवारणीआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाला विचारावे की असा होकार भारताने कोणकोणत्या औषधांना, कधी आणि कुणाच्या सहीने दिला. खासदाराला विचारलेत तर उत्तमच. नाहीतर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तो मराठीतही करता येतो.