थोरली पाती, धाकटी पाती

देवास एकच गाव. पण १९४८ पर्यंत तेथे पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन राज्ये नांदली. सोनीच्या खेळयंत्राचेही तसेच झाले. 'प्लेस्टेशन ४' २०१३ साली आले आणि अवघ्या तीन वर्षांनी त्याचीच 'प्रो' ही बलवत्तर पाती निघाली. पहिल्या ग्राहकाची ही फसवणूक म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. याहून सरस यंत्र काढणार नाही, असे वचन कोणी दिले नव्हते. पुढचे खेळ यावर चालतील, एवढेच गृहीत होते. आणि 'प्रो'चा प्रत्येक खेळ जुन्या यंत्रावरही चालावा, हा दंडक सोनीने पाळला. निन्टेंडोने मात्र २०१५ साली 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी' केवळ 'न्यू थ्रीडीएस'साठी काढला. २०११ चे थ्रीडीएस जपून ठेवणाऱ्या मुलाला तो खेळताच आला नाही. शेजाऱ्याचे चित्र अधिक ठसठशीत दिसल्याने वाटणारा मत्सर निराळा. या मुलाचा राग मला रास्त वाटतो.